कपाटात गायलेली गाणी

मी कपाट बोलतोय. हसू नका. कपाट फार तर कुरकुरेल, ते बोलणार काय, असं तुम्हाला वाटत असेल, आणि ते अगदीच खोटं नाही. माझी ती कुरकुर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलीही आहे. त्या गायिकेच्या पहिल्या रेकॉर्डवर पहिलं गाणं सुरू होण्याआधी लाकडाचा एक लांबलचक आवाज येतो ना, तो माझ्या डाव्या दाराचा. त्यावर जाणकारांनी काय काय लिहिलं! म्हणे इथे ती मनाचं दार उघडते. अहो, बिजागरीला तेल नव्हतं, दुसरं काही नाही.

मला बनवणारा सुतार हाताचा चांगला, पण मापाच्या बाबतीत दिलदार होता. ज्या गिऱ्हाइकासाठी त्याने मला बनवलं, त्याच्या खोलीत मी मावेना. मग बरेच दिवस मी कारखान्याच्या कोपऱ्यात भुसा खात उभा होतो. शेवटी दोन मुलींच्या आईने मला घेतलं. जिन्यात मी अडकलो, तेव्हा शेजारीपाजारी झाडून सगळे हजर झाले आणि ज्याने हात लावला नाही तोच सर्वांत जास्त ओरडत होता. दारं काढली, मला आडवा केला, भिंतीचा रंग खरवडला आणि एकदाचा मी खोलीत पोचलो.

घरात वडील नव्हते. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती, त्यामुळे घरात कपड्याची घडी मोडलेली तिला खपत नसे. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. माझी डावी बाजू ताईची, उजवी छोटीची, खालचे खण आईचे, अशी वाटणी ठरली होती. छोटीने ती एक दिवसही पाळली नाही. ताईचे स्वेटर, ताईचे स्कार्फ, सगळं हिच्या अंगावर. वर पुन्हा माझी दारं सताड उघडून उभी राहायची आणि म्हणायची, "घालायला काही म्हणजे काहीच नाही." हे वाक्य जगातल्या प्रत्येक कपाटाने ऐकलेलं असणार.

छोटीला गाण्याचा नाद होता. गिटार तिने मैत्रिणीकडून मागून आणली ती परत केलीच नाही. गाणी स्वतःच करायची, आणि ती गाणी म्हणजे सगळा घरचा नि मनातला मामला. मैत्रीण नापास झाली तेव्हा आपल्याला आतून बरं वाटलं, हे कुणी गाण्यात सांगतं का? हिने सांगितलं. वडिलांचा चेहरा आता आठवत नाही आणि त्याची लाज वाटते, हेही सांगितलं. ऐकताना मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

एक जुना टेपरेकॉर्डर तिच्या हाती लागला, पण खोलीत आवाज घुमायचा. एकदा असंच रुसून ती माझ्यात येऊन बसली, गुणगुणायला लागली आणि एकदम गप्प झाली. कपडे आवाज पिऊन टाकतात. मागे ताईचे लोकरीचे कोट, बाजूला हिचे झगे, मध्ये हिचा गळा. आवाज कसा कानाशी बोलल्यासारखा यायला लागला. त्या दिवसापासून माझ्या दांडीला स्कार्फने माइक बांधला गेला. छोटी पाय पोटाशी घेऊन चपलांवर बसायची. गिटार काही आत मावत नव्हती, तिचा दांडा दारातून बाहेर राहायचा. म्हणून त्या रेकॉर्डवर गिटार जरा लांबून ऐकू येते. पुढे लोकांनी तिला शैली म्हटलं आणि कित्येक पोरं घरोघरी तशी गिटार वाजवायला लागली.

आता मुद्द्यावर येतो. ताईचं लग्न ठरलं होतं. ताई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि नवरामुलगा दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं दुकान चालवायचा. घरात त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. शांत माणूस होता. एकदा घरी आला तेव्हा माझं दार लागत नाही हे पाहून त्याने खिशातल्या बारीक पेचकसाने बिजागरी आवळून दिली. मला तो आवडला होता.

लग्नाची नोंदणी करायला दोघं कार्यालयात भेटणार होते. ताई चांगला निळा कोट घालून गेली आणि लवकरच एकटी परत आली. बाहेरच्या खोलीतून मला आईचा आवाज आला, "आला नाही ना तो? मला वाटलंच होतं!" ताई तडक आत आली, कोट काढून मला लावला आणि त्याच कोटात तोंड खुपसून उभी राहिली. तिचे खांदे गदगदत होते. छोटी दारात उभी राहून पाहत होती. तिला पाठ दिसली. चेहरा फक्त मला दिसला.

ताई हसत होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून कोट दातात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. का, ते मलाही कळलं नाही. पण ते रडणं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

छोटीने त्यावर गाणं केलं. 'ताई गं ताई, कोट काढून ठेव, चष्म्याआडचे डोळे शेवटी परकेच गं.' माझ्यातच बसून तिने ते गायलं, एका दमात, आणि शेवटी तिचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज तिने तसाच ठेवला. रेकॉर्डवरची बाकीची गाणी लोकांना आवडली, हे गाणं मात्र डोक्यावर घेतलं. रेडिओवर तेच, दुकानात तेच, शाळेच्या रस्त्यावर तेच. माणसं रडायची. छोटीला बघता बघता नाव मिळालं.

आणि ताई 'बिच्चारी' झाली. प्रयोगशाळेत, रस्त्यावर, जो भेटेल तो तिचा हात हातात घ्यायचा. एक दिवस ती छोटीला म्हणाली, "ते गाणं काढून टाक."

"का? मी खरं तेच गाते."

"तुला काय माहीत खरं काय ते?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी ताई. तुला लाज वाटते, म्हणून मी खोटं गाऊ?"

ताईने आईच्या बंद दाराकडे पाहिलं.  दुसऱ्याच आठवड्यात तिने दुसऱ्या गावी बदली मागून घेतली आणि माझी डावी बाजू रिकामी केली. मला फार वाईट वाटलं. छोटीने माझ्यात बसून नवं गाणं रेकॉर्ड करून पाहिलं, तर आवाज घुमायला लागला. तिने चादरी टांगल्या, उशा कोंबल्या, काही उपयोग झाला नाही. मग ती मोठ्या स्टुडिओत गेली ती गेलीच.

पुढच्या रेकॉर्ड मी फक्त भिंतीपलीकडून, शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकल्या. वाद्यं वाढत गेली. छोटीने तिचं पहिलं प्रेम गायलं, दुसरं गायलं, घटस्फोट गायला. आता सांगायला स्वतःचं फारसं उरलं नव्हतं बहुतेक. एक-दोन रेकॉर्ड पडल्या. पण प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी लोक 'ताई गं ताई' मागायचे आणि तेच गाऊन तिची सुटका व्हायची. ताई सणावाराला यायची, आईजवळ बसायची. दोघी बहिणी एकमेकींशी भाजीपाल्याचं नि हवापाण्याचं बोलायच्या.

मग आई गेली. माझे खालचे खण रिकामे करायला दोघी जमिनीवर बसल्या. आईच्या घड्या मोडायचा दोघींनाही धीर होत नव्हता. छोटी म्हणाली, "पहिली रेकॉर्ड नव्याने काढतायत. ते गाणं मला परत गायला सांगितलंय. तुला आवडणार नाही, माहितीये मला. पण लोकांना तेच हवं असतं गं."

ताईने हातातली घडी खाली ठेवली. "तो आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"चष्मेवाला. माझ्याआधी येऊन बसला होता, कार्यालयाच्या बाकावर. कंगवा फिरवून, बूट चमकवून. मीच नाही म्हटलं. काही कारण नव्हतं गं. माणूस सोन्यासारखा होता, पण मला लग्नच नको होतं, आणि ते मला तिथे पायरीवर पोचल्यावर कळलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, घरी सांगा, मी आलोच नाही म्हणून. म्हणजे आई तुमच्या मागे लागणार नाहीत."

छोटीचा चेहरा पांढरा पडला. "पण तू रडत होतीस."

"हसत होते! मोकळी झाले म्हणून. आईने ऐकलं असतं तर जन्मभर डोकं खाल्लं असतं माझं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू थेट गायलीस. आई असेपर्यंत मला तोंड उघडता येईना. आणि तो बिचारा... त्याच्या दुकानासमोर पोरं ते गाणं म्हणत जातात अजून. एका शब्दाने बोलला नाही तो कुणाला."

 छोटी त्या दुकानासमोरून जाताना मान ताठ करून पलीकडच्या फुटपाथवरून जायची, हे मला तिच्याच एका गाण्यातून माहीत होतं. आता ती उठली, चपला घातल्या आणि गेली. ताई माझ्या दाराला टेकून बसून राहिली.

छोटी परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "मी हात जोडले त्याच्यापुढे," ती म्हणाली. "तर म्हणतो कसा, चाल फार छान आहे हो तुमची, मी काम करताना कधीकधी गुणगुणतो. आणि ताई बऱ्या आहेत ना, म्हणाला."

ताई तेव्हा रडली. माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली, आणि या वेळी छोटीलाही तिचा चेहरा दिसला.

छोटीचा मॅनेजर आला, रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. शब्द बदलून गाते, असं छोटी म्हणाली. तर ते म्हणाले, कार्यालयात येऊन बाईनेच नाही म्हटलं, यात रडायचं काय? लोकांना जुनंच हवं. "मग ते गाणंच नको," छोटी म्हणाली. त्यांनी तिला खूप समजावलं, ती बधली नाही. पहिली रेकॉर्ड त्या गाण्यावाचून नव्याने निघाली आणि लोकांना ती अपुरी वाटली. कार्यक्रमांना गर्दी कमी झाली. माणसं ओरडून तेच गाणं मागतात आणि छोटी मान हलवून दुसरं सुरू करते. काही जण उठून जातात म्हणे.

मी आता छोटीच्या दिवाणखान्यात उभा आहे. तिच्या नव्या घराचा जिना रुंद आहे, त्यामुळे या वेळी माझे हाल झाले नाहीत. येणारे लोक मला हात लावून बघतात, एखादा आत डोकावतो आणि नकळत तीच चाल गुणगुणायला लागतो. मी त्यांना दोष देत नाही. जुन्या रेकॉर्ड तुमच्या घरी आहेत, त्या कोण परत घेणार?

तुम्हीही ते गाणं ऐका, खुशाल ऐका. पोरीने जीव ओतून गायलंय. फक्त ताईला बिचारी म्हणू नका, आणि त्या माणसाला परका म्हणू नका. तुमच्याकडे चष्मा असेल आणि कधी त्या गल्लीत गेलात, तर त्याच्या दुकानात जा. काच सैल झाली असेल तर तो लगेच आवळून देईल. गाण्याचं काही काढू नका. नुसतं त्याचं नीट ऐकून घ्या, तो जे काही बोलेल ते.