बन्सीची उशिरा निघालेली वरात

दुष्काळाच्या साली लग्न झालं, तेव्हा बन्सीच्या नशिबी घोडी कुठली! तलावाच्या कामावरच हार घातले, पंगतीला मजुरांना खायला मिळणारी सरकारी सुकडीच वाटली, नि दुसऱ्या दिवशी नवरानवरी खडी फोडायला हजर. पण त्याच्या बायकोला, सिंधुबाईला, लेकीपुढे हे सांगवेना. बापाला दादा म्हणणाऱ्या छबूला ती लहानपणापासून सांगत आली होती, तुझे दादा घोडीवर बसून मिरवले, घोडी हलगीवर नाचली, सारं दिंद्रुड गाव बघत राहिलं. गाढवावरही कधी न बसलेला बन्सी ते ऐकलं की हळूच उठून अंगणात जायचा.

नव्या साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी पडली, त्या दिवशी माळावर लेझीम नि नाचणाऱ्या घोडीचा खेळ होता. तिघंही नटूनथटून गेले. लेझीमवाल्यांनी धुळीचा नुसता धुरळा केला. मग आप्पाराव घोडीवाल्याची पांढरी घोडी घुंगरू वाजवत आली, हलगी कडाडली नि ती अशी काही थिरकली, की बन्सीचेही पाय हलू लागले.

"हाय का कुणी बसनारा?" आप्पारावांनी हाळी दिली.

"आमचे दादा!" छबू किंचाळली. "त्यायला येतंय! वरातीत बसलते!"

सारा माळ वळून बघू लागला. सिंधुबाईचं तोंड एवढंसं झालं.

"ऱ्हाऊ द्या," ती पुटपुटली. "मी सांगते तिला खरं काय ते."

बन्सीला ते सोसवेना. पोरीच्या देखत हिला खोटी पडू द्यायची? त्याने टोपी घट्ट केली.

"बसतो की! त्यात काय?"

त्याला वर चढवायला तिघं लागले. हलगी सुरू झाली नि टोपी एकीकडे, धोतराचा सोगा दुसरीकडे. घोडीच्या मानेला मिठी मारून बन्सी बोंबलत होता, नि मधेच त्याच्या ध्यानात आलं, आपण हसतोय! पार पोट दुखेस्तोवर. लोक शिट्ट्या मारत होते, टोप्या उडवत होते. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

फेरी मारून घोडी पुन्हा सिंधुबाईपाशी आली नि शिकवल्याप्रमाणे गुडघे टेकून तिने मुजरा केला. बन्सी मानेवरून घसरला तो थेट बायकोच्या पायाशी.

छबू धावत आली. "आई, वरातीत बी असंच झालतं का गं?"

सिंधुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं नि हसू काही पदरात मावत नव्हतं. तिने नवऱ्यापुढे हात केला.

"अगदी अस्संच," ती म्हणाली. "तवाबी मलाच उठवावं लागलतं."