व्याह्याला लाथ

आमच्या डोंगरकडा गावात लग्नाचं शूटिंग करणारे तिघं आहेत, पण सिनेमा काढलेला मी एकटाच. अठरा वर्षं झाली त्याला. परग्रहावरचा राक्षस केळीच्या बागेत उतरतो आणि आपल्या गावचा शिवशंकर त्याला लाथ घालून परत पाठवतो. यान म्हणजे दोन पराती, राक्षस म्हणजे गावातलाच दगडोबा. बूट मिळाले नाहीत म्हणून नायक अनवाणी लढला आणि लोकांना ती अनवाणी लाथच आवडली.

दुसऱ्या भागाला उशीर झाला, कबूल. पण यंदा भाचा दिपक पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन आला आणि त्यानं बागेवर असं यान उतरवलं, की पानन् पान थरथरताना दिसावं. मी भरून पावलो. आता फक्त लाथ राहिली होती, आणि तिथंच घोडं अडलं. मधल्या काळात शिवशंकरची लेक प्रतिक्षा दगडोबाच्या घरी सून म्हणून गेली होती.

"व्याह्याला लाथ?" शिवशंकरनं कानाला हात लावले. "पोरगी नांदून राहिली त्यायच्या घरी. न्हाई जमायचं."

दगडोबाला शिंगं लावली तरी मानपान सुटेना. पहिला चहा त्याला, उंच खुर्ची त्याला. "दुसरा कोणी बी उभा करा, कॉम्प्युटरवर तोंड शिवशंकरचं लावा," तो म्हणाला. "पण व्याह्याचा पाय लागला तर मी उठून जाईन."

शिवशंकरसारखी ढांग टाकणारं माणूस गावात एकच. सासऱ्याचा डबा घेऊन आलेल्या प्रतिक्षेनं हे ऐकलं आणि मला बाजूला घेतलं.

"काका, ते काळ्या काचेचं हेल्मेट अन् बाबाचा चंदेरी डगला मला द्या. मामाजीला सांगा, नांदेडचं पोरगं हाय."

हळू मारायची, असं ठरलं होतं. पण इतकी वर्षं सासऱ्याचं 'चहात साखर कमी' ऐकून राहिलेल्या पायाला कोण आवरणार? दगडोबा शिंगांसकट चिखलात गेला.

आठवड्याभरानं एका संध्याकाळी शाळेच्या मैदानात पडदा लावला. यान उतरलं तेव्हा म्हातारी माणसं आपसूक वाकली. मग लाथ आली. दिपकनं ती संथ केली होती, पडदाभर मोठी. तोंड शिवशंकरचं, मिशी त्याची, आणि पायाच्या बोटांत जोडवी. चित्र इतकं साफ, की जोडव्यांवरची नक्षीसुद्धा दिसावी. प्रतिक्षेनं मान खाली घातली. आता घरी गेल्यावर तिची धडगत नव्हती.

तेवढ्यात दगडोबाची बायको शकुबाई उठली आणि प्रोजेक्टरच्या पुढ्यात उभी राहून निवांत पदर सावरू लागली. पडद्यावर नुसती तिची सावली. लोक ओरडले. दगडोबाही ओरडला, "बस की खाली." लाथ संपेपर्यंत ती काही बसली नाही.

जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"जोडवी मीच घेतली व्हती तिला, वळखणार न्हाई व्हय?" ती हळूच म्हणाली. "अन् भाऊ, तिसरा भाग काढला तर लाथेसाठी माणूस हुडकू नका. मी हाय."