लुसियाची कढई

मी एक लोखंडी कढई बोलतेय. साताऱ्याच्या लोहाराकडे घडले, आणि विमा कंपनीतल्या आनंदरावांची बदली झाली तेव्हा त्यांच्या पत्नी प्रतिमाताईंबरोबर जयपूरला, वैशाली नगरात आले.

घरात मटण व्हायचं, पण त्याचं पातेलं वेगळं. मी उपवासाची! एकादशीला साबुदाणा वडे तळले की पुन्हा फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर. मान मोठा, काम थोडं. खरं सांगू? कंटाळून जायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, संकेतने, कोलंबियाच्या लुसियाशी लग्न केलं. पोरगी गोड, पण ताटावर बसली की नुसती चिवडायची. तीन महिन्यांत गाल बसले. "आई, ती कायमची परत जायचं म्हणतेय," संकेत हळूच म्हणाला, तेव्हापासून ताईंच्या जिवाला घोर लागला.

एका रविवारी ताई भाजीला गेल्या असताना लुसियाने मला खाली काढलं. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद तिने केरळी दुकानातून आणला होता. तो उकडला, मळला, लांबट पारीत खिमा भरला आणि माझ्यातल्या तेलात सोडला. तिच्या गावी हे वडे रस्त्यावर विकतात, कारिमान्योला म्हणतात त्यांना. मला तर वासानेच धन्य वाटलं.

तेवढ्यात ताई आल्या.

"अगं, उपवासाच्या कढईत खिमा?"

लुसियाने झारा खाली ठेवला. "आई, कंद साबुदाण्याचाच है ना? मतलब, मला वाटलं, ह्याच कढईत तळायचा." आणि तिचा हात गॅसकडे गेला.

उलट, बिचारीने रीतच पाळली होती हो! पण मी मनात म्हटलं, चला, आता भंगारवाल्याची वाट.

ताईंची नजर तिच्या बशीवर गेली. पहिल्या घाण्याची ती बशी चाटूनपुसून रिकामी होती.

"गॅस बंद करू नको, अर्धेकच्चे वडे तेल पितील," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि झारा हातात घेतला. "टोकं करंजीसारखी मुरड, फुटतायत बघ."

उपवासाला नवी कढई आली. मी लुसियाची झाले. दिवाळीनंतर ती माहेरी निघाली तेव्हा ताई म्हणाल्या, "ही कढई तुझी. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. परत ये."

महिनाभर ताई मला स्वतः घासून तेलाचा हात लावत होत्या. त्या मायेचे उपकार मी कधी विसरणार नाही. तुमच्याही घरी एखादं भांडं नुसतंच जपून ठेवलेलं असेल, तर काढा त्याला. आम्हांला विटाळापेक्षा गंजाचं भय जास्त.

परवा लुसिया आली. बॅगा दारातच टाकून आत आली, ताईंच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."