टेबलावरचे ठसे

आमचे मिस्टर लहू एसीचे टेक्निशियन. काम झालं की सांडलेली धूळ स्वतःच्या फडक्याने पुसूनच निघायचं, ही त्यांची खोड. कंपनी काही सांगत नाही. पण आपल्या मागे कोणी घाणेरडे म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. आमच्या लोकांना हे का वाटतं, ते मी सांगायला नको.

त्या दिवशी इथे आखातात, जनाबिया या श्रीमंत वस्तीतल्या एका व्हिलात त्यांनी बेडरूमचा एसी दुरुस्त केला. तिथेच अर्सलान नावाचा पाकिस्तानी रंगारी होता आणि पडदे लावून देणारी एक इंग्लिश बाई. संध्याकाळी घरमालकिणीचं हिऱ्यांचं ब्रेसलेट ड्रेसिंग टेबलावरून गायब. पोलिसांनी यांना आणि अर्सलानला उचललं. बाई त्याच संध्याकाळी सुट्टीवर लंडनला गेली होती. तिला साधा फोनही कोणी केला नाही. टेबलावर ठसे सापडले ते यांचे. सापडणारच, पुसलं होतं ना!

मी ड्युटी सोडून चौकीत धावले. ऑफिसर हिंदीत गोड बोलला, नवऱ्याने रंगाऱ्याचं नाव घेतलं की खलास, घरी जाईल. खरं सांगते, मला मोह झाला. लेकीची, श्रावस्तीची शाळा, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढे आलं. गजाआडून यांना तसं सांगितलंसुद्धा.

"मी पाहिलं नाही पुष्पा," हे म्हणाले. "न पाहिलेलं कसं सांगू?"

माझं डोकं फिरलं. आणि लाजही वाटली.

दोन दिवसांनी इंग्लिश बाईचाच मालकिणीला फोन आला. कापडाच्या नमुन्यांबरोबर ब्रेसलेट चुकून तिच्या पिशवीत गेलं होतं. ऑफिसर हसून म्हणाला, मिस्टेक होते, भली बाई आहे. तिची ती मिस्टेक आणि यांचं पुसणं ती चोरी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने दोघांना सांगितलं की मॅडमनी तक्रार मागे घेतली, थँक यू म्हणा. अर्सलान म्हणाला. मग हेही म्हणाले, वर ऑफिसरचा हात हातात घेऊन त्याचं नावही विचारलं.

टॅक्सीत मी भडकले. थँक यू कशाचं, आणि नाव कशाला हवं होतं?

"पुढच्या वेळीही मलाच आणतील," हे म्हणाले. "तेव्हा ऑफिसर ओळखीचा असलेला बरा."