लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मी छातीचे ठोके मोजणारे एक जुने यंत्र आहे, मित्रांनो, आणि मी कुणाचे काही विसरत नाही. महाडमध्ये सुया टोचून उपचार करणारे डॉक्टर शरद यांच्या टेबलावर मी नऊ वर्षे काढली.

निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. मज्जासंस्था निवांत झाली की हा फरक वाढतो, आणि तो मी आकड्यात दाखवतो. सुया लावून वीस मिनिटे पडून राहिल्यावर बऱ्याच जणांचा आकडा वाढे. त्यातले सुयांचे किती आणि नुसत्या पडून राहण्याचे किती, हे मला कुणी विचारले नाही. आकडा वाढला की शाबासकी डॉक्टरांना, नाही वाढला की चापट माझ्या डोक्यावर.

ठोके बेताल झाले की माझा लाल दिवा लागतो. पेशंट घाबरतात म्हणून डॉक्टरांनी त्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. त्या दिवसापासून मी डूख धरला.

पोलादपूरच्या रंगूबाई गुडघ्यांसाठी येत. बरेच जण आधी जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करून मग सुयांना येतात, तशाच त्याही.

"डॉक्टर, छातीत फडफडतंय. जिना चढवत नाय."

"आजी, कुंडाचं गरम पाणी बाधलंय. आकडा बघा, तिप्पट झालाय! सुया लागू पडल्या."

साफ खोटे! ठोके वाटेल तसे पडत होते, म्हणून आकडा फुगला होता. चिकटपट्टीखाली दिवा जळत होता. असे सात वेळा झाले. सातही आलेख मी पोटात ठेवले.

आठव्यांदा त्यांची नात समीक्षा सोबत आली. ती नर्सिंग शिकते. तिने आजीची नाडी धरली, दचकली आणि माझे जुने आलेख काढायचे बटण दाबले. मग मी कशाला सोडतोय! भरल्या दवाखान्यात करकर करत सातही आलेख ओकले.

"आजी, ऊठ. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊ. आत्ताच."

"काय झालं गो?"

"पाणी नाही बाधलं. ठोके चुकतायत तुझे. सात वेळा आलंय इथं."

सगळे पेशंट उठून बघायला आले. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. इतके सुख मला नऊ वर्षांत लाभले नव्हते. रंगूबाईंना गोळ्या सुरू झाल्या, आता त्या जिना चढतात. मला मात्र माळ्यावर फेकले.

काल दुपारी डॉक्टरांनी छाती चोळत, घाम पुसत मला खाली काढले. दार लावून माझ्या तारा स्वतःच्याच मनगटांना जोडल्या. आकडा भला मोठा आला. ते चपापले. मग दिव्याच्या जागेकडे पाहून त्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. "दिवा नाही लागला. म्हणजे काही नाही."

दिवा लागला होता, मित्रांनो. चिकटपट्टी धुळीने माझ्याच रंगाची झाली आहे, त्यांच्या ती लक्षातही नाही. तुमच्या घरचे एखादे यंत्र ओरडू लागले तर त्याचे तोंड बांधू नका, एवढीच तुम्हांला विनंती. डॉक्टरांना माझी काही विनंती नाही. चिकटपट्टी त्यांनी लावली आहे, त्यांनीच काढावी.