पायाला बांधलेली दोरी

मुलांच्या वसतिगृहात रेक्टरांना 'ससा' म्हणत. रेक्टर चपळ होते म्हणून नव्हे. जिना चढताना ते दर वळणावर नोटीस वाचायला थांबत, आणि तिथे नोटीस नसली तरी थांबत. ससा म्हणायचं ते कानांमुळे. इतक्या तिखट कानांचा माणूस शाळेनं पूर्वी पाहिला नव्हता. भिंतींना कान असतात ही इतर शाळांची अडचण. इथे भिंती बिचाऱ्या निर्धोक होत्या.

जेवणघराच्या या टोकाला रेक्टर ताट घेऊन बसत. त्या टोकाला, ताटवाट्यांच्या दणदणाटात, दोन पोरं डोक्याला डोकं लावून कुजबुजत, की पेट्यांच्या खोलीत लपवलेल्या शेगडीवर आज अंडी उकडायची. जेवण झालं की रेक्टर हात पुसत त्यांच्यापाशी थांबत आणि एवढंच म्हणत, "मीठ आचाऱ्याकडे मागू नका. त्याला संशय येतो."  शेगडी जप्त होई. थोड्या दिवसांनी दुसरी येई. ती कुठून येते हे मात्र रेक्टरांना कधीच कळलं नाही. ते बोलणं बहुधा त्यांच्याकडे पाठ करून होत असावं.

कारण खरी गोष्ट अशी होती, की रेक्टरांना ऐकू येत नव्हतं.

एकदम गेलं असतं तर माणसानं बोंब तरी ठोकली असती. पण ते सभ्यपणे, पाहुण्यानं निरोप घेत घेत उठावं तसं गेलं. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग दारावरची थाप. शेवटी माणसांचे आवाज विहिरीच्या तळाशी जाऊन बसले. तोपर्यंत रेक्टरांना ओठ वाचायची सवय लागली होती. मुलीनं आग्रहानं कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते घालून रेक्टर एकदा जेवणघरात गेले आणि ताटांचा तो गदारोळ ऐकून जीव मुठीत धरून बाहेर आले. यंत्र मोज्यांच्या खणात गेलं ते गेलंच.

हे ठाऊक होतं फक्त मावशींना. मावशी म्हणजे मुलांचे कपडे, औषधं आणि रुसवेफुगवे सांभाळणारी बाई. एकदा त्यांनी रेक्टरांच्या पाठीमागे उभं राहून चादरींच्या टंचाईवरून त्यांचा यथेच्छ उद्धार केला होता. रेक्टर शांतपणे खिडकीबाहेर बघत राहिले. मग मावशी पुढ्यात येऊन म्हणाल्या, "उत्तर दिलं नाहीत ते समजू शकते मी. पण तुम्ही चिडलाही नाहीत! तेव्हाच कळलं, तुम्हाला ऐकू येत नाही."

"कुणाला सांगू नका," रेक्टर म्हणाले.

"मला काय, चादरी द्या."

चादरी आल्या.

सांगायचं नाही याला कारण होतं. रेक्टराचे डोळे आणि कान शाबूत हवेत, ही संस्थेची अट होती. वरच्या मजल्यावर मुलं झोपत, आणि त्यांच्या बरोबर खालची खोली रेक्टरांची. मधल्या जमिनीतून पूर्वीपासून एक दोरी वर गेली होती. खाली तिला घंटा, वर ती छतातल्या कप्पीवरून लोंबकळत होती आणि टोकाला लाकडी मूठ. शेजारी भिंतीवर नियमांची पाटी: 'रात्री कोणी आजारी पडल्यास दोरी ओढावी. रेक्टर ताबडतोब येतील.' घंटा ऐकू येईनाशी झाली तेव्हा रेक्टरांनी मुकाट्यानं ती सोडली आणि दोरीचं टोक झोपताना आपल्या घोट्याला बांधायला सुरुवात केली. वरून ओढलं की पाय हले, पाय हलला की रेक्टर जागे. त्यानंतर तापाची पोरं आली, पोटदुखीची आली, दात पडला म्हणून घाबरलेलं एक आलं. प्रत्येक वेळी रेक्टर ताबडतोब गेले. पाटी खोटी ठरली नाही.

आणि मग नव्या मुख्याध्यापिका आल्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट कशी चालते ते बघायची खोड होती, आणि चालत असलेली गोष्ट बघितली की ती थांबते हा अनुभव अजून यायचा होता. मूठ बघून त्या म्हणाल्या, "दोरी? आजच्या काळात?"

"दोरीला वीज लागत नाही, बाई," रेक्टर म्हणाले.

"बैलगाडीलाही लागत नाही. विजेची घंटा बसवू. रविवारी दुपारच्या विश्रांतीत मी वरून बटण दाबते, तुम्ही खाली दार लावून पडा. किती चटकन येता ते बघू." मग हसून म्हणाल्या, "तुमच्या कानांबद्दल फार ऐकलंय मी!"

रेक्टरही हसले. त्यांनी ते पाहिलं होतं.

वायरमन आला. दोरी गुंडाळून पेट्यांच्या खोलीत टाकली गेली. रेक्टरांच्या उशाशी भिंतीवर एक चकचकीत, बशीसारखी घंटा लागली. वायरमननं ती वाजवून दाखवली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले, त्यावरून रेक्टरांना समजलं की चांगली वाजते.

त्या आठवड्यात त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली. परीक्षेत नापास होऊन जाण्यापेक्षा आधीच बाईंना सांगून टाकावं, असं रोज ठरत होतं आणि रोज चहानंतर मोडत होतं. मुलीकडे एक खोली होती. तिला आतापासूनच 'बाबांची खोली' म्हणत, आणि तूर्त तिथे इस्त्रीचं टेबल राहत होतं. मुलीचा जीव होता, जावई भला होता, पण त्या घरात कुणीही कधी अंडी लपवून उकडत नसे.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. पोरं त्यांच्यासमोर तोंडावर हात धरून बोलू लागली होती. जेवणघरात रेक्टरांनी मान वर केली की सगळ्या टेबलांवर हात ओठांशी जात, जणू अख्ख्या वसतिगृहाला एकदम जांभई आली. ज्याला पोरं 'वकील' म्हणत, कारण तो शिक्षा झाल्यावरही अपील करी, तो तर वहीमागे तोंड लपवून बोलत होता. रेक्टरांनी मावशींना गाठलं.

"त्यांना कळलंय," ते म्हणाले. "सांगितलंत तुम्ही?"

"माझ्या चादरी आल्यात, मी कशाला सांगू?" मावशी त्यांच्याकडे नीट तोंड करून, शब्द सुटे सुटे करत म्हणाल्या. "आणि पोरांना कळायला मी लागते होय? तुम्ही स्वतःला लय शहाणे समजता."

"काय शिजतंय त्यांचं?"

मावशींनी सावकाश पदर उचलला आणि तोंडावर धरला. खांदे हलत होते, त्यावरून त्या हसत असाव्यात.

रविवार आला. जेवणं झाली, विश्रांतीची वेळ झाली. या वेळात पलंगावरून उतरायचं नाही आणि अवाक्षर बोलायचं नाही, हा पाटीवरचा सगळ्यांत कडक नियम. मोठ्या बाई वर गेल्या. रेक्टर दार लावून पलंगावर आडवे झाले. घंटेकडे बघत राहिलं तर हलताना दिसेल म्हणून पाहिलं, पण घंटा हलणाऱ्यांपैकी नव्हती. हात लावून बसावं, तर ती हाताला येईल अशा उंचीवर वायरमननं लावली नव्हती. पलंगावर उभं राहायचा विचार आला. साठीला टेकलेला माणूस पलंगावर उभा राहून भिंतीला चिकटलाय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी तो विचार सोडला. शेवटी त्यांनी डोळे मिटले. जायचं तर निदान आडवं पडून जावं.

तेवढ्यात त्यांच्या पोटावर काहीतरी पडलं.

डोळे उघडले. पोटावर एक मोजा होता. मोज्याला सुतळी होती, सुतळी छतातल्या भोकातून आली होती, जिथून पूर्वी दोरी जायची. ते भोक बुजवायला गवंडी येऊन गेला होता, पण त्याच्या कामाच्या दिवशी भोकावर कुणाचातरी पलंग सरकला असावा. मोजा गरम होता. आत उकडलेलं अंडं होतं.

सुतळी अधीरपणे दोनदा हलली.

रेक्टर उठले. मोजा सुतळीतून सोडवला, खिशात कोंबला आणि जिना चढले. नोटीस वाचायला कुठेच थांबले नाहीत.

वर बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. "वा! बटणावरून बोट उचललं नाही तोवर तुम्ही हजर!" पलंगांवर पोरं अशी गाढ झोपली होती की निम्म्यांच्या पापण्या थरथरत होत्या. वकिलाचा एक हात पलंगाखाली लोंबत होता.

बाई वळल्या आणि खिडकीची कडी तपासायला लागल्या. त्यांची पाठ रेक्टरांकडे होती. खांद्यांवरून वाटत होतं की त्या काहीतरी बोलताहेत.

रेक्टरांनी पलंगांकडे मान वळवली. आणि मग त्यांना दिसलं. सगळे झोपलेले एका कुशीवर वळले होते, सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि सगळ्यांचे ओठ एकाच वेळी, आवाज न करता, तोंड भरभरून हलत होते: 'बाई विचारतात, घंटेचा आवाज फार मोठा वाटतो का?'

"नाही," रेक्टर म्हणाले. "बेताचा आहे."

बाई दुसऱ्या खिडकीकडे गेल्या. ओठ पुन्हा हलले: 'बाई विचारतात, आवाज कमी करायचा का?'

"नको, बाई. याहून कमी झाला तर कठीण."

पोरांच्या ओठांवर हसू फुटलं, आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंनी मागे वळून पाहिलं. तोंडं उघडी ठेवून पडलेल्या त्या पलटणीकडे पाहिलं, मग रेक्टरांकडे.  खिशातलं अंडं रेक्टरांच्या मांडीला चटका देत होतं.

आताही निभावून नेता आलं असतं. बाई नव्या होत्या, पोरं तरबेज होती. पण एवढ्या पोरांनी जन्मभर आपल्यासाठी ओठ हलवत पडावं, हे काही रेक्टरांना रुचेना. त्यांनी मोजा खिशातून काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"बाई, मला घंटा ऐकू आली नाही. मला कित्येक दिवसांत कसलीच घंटा ऐकू आलेली नाही. मी यामुळे आलो." आणि मग त्यांनी पायाची दोरी सांगितली, ओठ सांगितले, ट्रंक सांगितली. "मी उद्या निघेन."

"बाई!" वकील पलंगावर उठून बसला होता. "पाटीवर लिहिलंय, दोरी ओढावी, रेक्टर ताबडतोब येतील. रेक्टर ऐकतील असं कुठेही लिहिलेलं नाही."

"विश्रांतीत अवाक्षर बोलायचं नाही, हेही पाटीवर आहे ना?" बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

वकील आडवा झाला. तेव्हा कोपऱ्यातून, दोरीच्या कप्पीखालच्या पलंगावरून, या वर्षीच आलेल्या सगळ्यांत लहान पोरानं तोंडावरची चादर खाली केली. याला सगळे 'रडूबाई' म्हणायचे. आल्यापासून उशीत तोंड खुपसून रडत झोपायचा. रेक्टरांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण रेक्टरांकडे तोंड करून बोलायचं भान त्यालाही होतं.

"बाई, सर झोपेत वळले की मूठ हलते," तो म्हणाला. "वर-खाली. दादा लोकांनी दाखवलं मला पहिल्या दिवशी. म्हणाले, मूठ हलली की समजायचं, सर खाली आहेत." त्यानं रिकाम्या कप्पीकडे बोट केलं. "मग झोप येते. ही नवी घंटा हलतच नाही."

रेक्टरांनी पाटी वाचायला सुरुवात केली. ती त्यांना तोंडपाठ होती, पण कुठेतरी बघायला हवं होतं.

बाईंनी मोज्यातून अंडं काढलं, बराच वेळ हातात फिरवलं, जणू ते कसं चालतं ते बघत होत्या. मग रेक्टरांच्या अगदी पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "दोरी कुठे आहे?"

"पेट्यांच्या खोलीत."

"संध्याकाळच्या आत बांधून घ्या. दिवसा कानाचं यंत्र घालायचं. त्याशिवाय चालणार नाही. संस्थेला मी कळवते, आणि काय ते मी ऐकून घेते." दाराशी जाऊन त्या थांबल्या, आठवण होऊन पूर्ण मागे वळल्या आणि मगच बोलल्या. "आणि ही जिच्यावर उकडली ती शेगडी माझ्या टेबलावर आणून ठेवायची. आजच."

शेगडी आली. थोड्या दिवसांनी वसतिगृहात दुसरी आली.

संस्थेनं मोठ्या बाईंना दोन वेळा बोलावून घेतलं आणि अखेर अटीतले कान यंत्रासकट शाबूत धरले. यंत्र आता दिवसभर रेक्टरांच्या कानात असतं. त्यामुळे त्यांना ताटांचा गोंगाटच ऐकू येतो, ओठ वाचायची सवय मोडली आणि आपण काय कुजबुजतो ते अजिबात कळत नाही, असा पोरांचा समज आहे. ससा म्हातारा झाला, असं पोरं म्हणतात, आणि अंडी निर्धास्त उकडतात. रेक्टर जेवणघरात यंत्र बंद करून ठेवतात, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

विजेची घंटा भिंतीवर आहे. मावशी तिच्यावरची धूळ पुसतात. झोपायच्या वेळी रेक्टर यंत्र काढून ठेवतात, घोट्याला दोरी बांधतात, दिवा मालवतात. आणि झोप लागण्याआधी, काही गरज नसताना, एकदा मुद्दाम कूस बदलतात.