आईने दिलेली उत्तरं

आईच्या मायेला मी शिव्या घालते, असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत. त्या मायेने माझा बाप जवळजवळ मारला होता.

अण्णा वायरमन. भिंती फोडायच्या, पाइप टाकायचे, तारा ओढायच्या, जन्म त्यातच गेला. फुप्फुसातला कॅन्सर सापडला तेव्हा तो डोक्यात पोचलेलाच होता. डावा पाय जरा फरफटायला लागला आणि त्या दिवसापासून आईने त्यांना काडी उचलू दिली नाही. आंघोळ ती घालणार, बटणं ती लावणार. दवाखान्यात चाकाची खुर्चीही तिनेच भांडून मिळवली. अण्णांनी कुरकुर केली आणि गप्प झाले. आईपुढे कधी कुणाचं चाललंय?

डॉक्टर बाईंनी विचारलं, आंघोळ स्वतः करतात? आई अभिमानाने म्हणाली, छे, मी घालते. कपडे? तेही मीच. चालणं? नको गं बाई, पडले म्हणजे? बाहेर रांग लागलेली. खुर्चीतला माणूस बाईंनी खुर्चीतच तपासला. मग त्या दोघांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, किरणोपचारांनी फार काही हाती लागणार नाही. थोडे महिने आहेत. घरी न्या, त्रास होणार नाही असं बघू.

मी भडकले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? देवाने?"

"आधी गेलेल्यांनी," बाई म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

याच रोगाने गेलेली हजारो माणसं. वय काय होतं, डोक्यात गाठी किती होत्या, रोग आणखी कुठे पसरला होता, गोळ्या लागू पडतील अशी गाठ होती का, माणूस स्वतःचं स्वतः किती करत होता. आणि मग तो किती जगला. त्यावरून पुढच्याचा अंदाज. माझा राग जागच्या जागी बसला. केवढी ही माणसं! ना ओळख ना पाळख, आणि माझ्या बापाला वाट सांगायला उभी.

शेजारी अण्णांच्या मेंदूचा फोटो होता. करडा, घड्याघड्यांचा, आत तीन पांढरे ठिपके. कुणाच्या घरी कुठल्या भिंतीतून कुठली तार गेलीय, हे त्या माणसाला अजून तोंडपाठ. तेही याच घड्यांत कुठेतरी. मी बघतच राहिले. मग नजर 'स्वतःचं स्वतः' या ओळीवर गेली. तिथला आकडा तळाला टेकलेला. माझी ट्यूब पेटली.

"बाई, ही उत्तरं आईची आहेत. त्यांना काय जमतं ते कुणी बघितलंय? ती करूच देत नाही."

बाई स्वतः उठून दोघांना आत घेऊन आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, उठा बघू. आई धावलीच.

"ताई, हात लावू नका," बाईंनी तिला अडवलं.

"लग्न झाल्यापासून हे तिला कुणी बोललं नव्हतं," अण्णा म्हणाले आणि उठले.

सदऱ्याची बटणं काढली, लावली. सावकाश, पण लावली. मग दाराबाहेर पडून लांबलचक व्हरांड्यात चालू लागले. डावा पाय घासायचा, थबकायचा, उचलायचा. ठिपके मी आत्ताच पाहिले होते. ते होते तिथेच होते, आणि त्यांना वळसा घालून हुकूम पायापर्यंत पोचत होता. कुणी ओढली असेल ही तार?

"म्हणजे माझ्यामुळे यांचे उपचार..." आई म्हणाली.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "प्रश्न त्यांना विचारायला हवे होते."

आकडा पुन्हा भरला. थोड्या महिन्यांचा अंदाज वर्षभरावर गेला, कदाचित जास्तही. खात्री नाही, अंदाजच आहे, हे त्यांनी बजावलं. पण किरणोपचार द्यायचे ठरले.

उपचारांची तारीख मिळाली तरी अण्णा आत आले नव्हते. बाईंनी पुरे म्हटलं, तर मान हलवून त्यांनी आणखी एक फेरी सुरू केली. आई दारात उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. पाय घासला की तिचे खांदे पुढे जायचे. हात मात्र तिने सोडले नाहीत.